आचार्य धर्मानंद कोसंबी

आपल्या चाकूरकडची जी पोरं-पोरी तत्त्वज्ञानाच्या एम.ए. प्रवेश परीक्षेची तयारी करतात, त्यांना बौद्ध दर्शनापासून कांट-ह्यूमपर्यंत सगळं वाचावं लागतं. इंग्रजी अन् पाली म्हटलं की पोरं दबतात. त्यांनी आचार्यांचे चरित्र जरूर वाचावे.

जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गोव्यातील साखवाळचा. शाळा जेमतेम, तीही मराठी. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात भगवान बुद्धांविषयी वाचले आणि ध्यासच घेतला. १८९९ ला घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई व लहान मुलगी. (त्या माउलीने काय सोसले, ते फारसे कुणी लिहीत नाही.) आधी पुणे, मग काशी. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात जाऊन निराश झाले, तेव्हा १९०२ ला सिलोन गाठले. विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे श्रामणेर होऊन पाली शिकले. इंग्रजीही अशीच, स्वतःच्या मेहनतीने कमावली.

पदवी एकही नाही. तरी १९१० ला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्यामुळे 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेत हार्वर्डला गेले. तिथे समाजवादावरची पुस्तकेही वाचून काढली. परतल्यावर १९१२ ते १९१८ फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पुढे १९३७ ला मुंबईत परळला, गिरणी कामगारांच्या वस्तीत, बहुजन विहार उभा केला. विद्वान माणूस चाळींच्या शेजारी येऊन बसला, हे आम्हा कामगारांना फार मोठे वाटते.

४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. विसुद्धिमग्गाची हार्वर्डची प्रत छापून निघाली ती १९५० ला.