बघून बघून शिकलेला चित्रकार

लक्ष्मी-सरस्वतीची रविवर्म्याची तसबीर नाही, असं घर आमच्या लहानपणी विरळाच. पण हा माणूस तैलरंग शिकला कसा, हे वाचलं तेव्हा मी थक्कच झाले.

१८४८ साली केरळातल्या किळिमानूरला त्याचा जन्म. १८६२ मध्ये मामाने त्याला तिरुवनंतपुरमच्या महाराजांपुढे नेलं. तिथले चित्रकार रामस्वामी नायकर तैलरंगात तरबेज. पण त्यांनी शिकवायला साफ नकार दिला. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्यानेही शिकवलं नाही, फक्त काम करताना बघू दिलं. मग काय, पठ्ठ्याने डोळ्यांनीच विद्या उचलली! तैलरंग सावकाश वाळतो. ओला असेतो गालावरची सावली उजेडात हलकेच मिसळता येते, वाळला की वर दुसरा थर चढवता येतो. चेहरा जिवंत वाटतो तो त्यामुळे. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्याच्या केस सजवणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळालं.

मला मात्र राहून राहून आठवते ती त्याची बहीण मंगलाबाई. तीही चित्रकार. भावाचं तिने काढलेलं व्यक्तिचित्र आजही आहे. पण तिचं नाव आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? भावाला निदान समोर उभं राहून बघता तरी आलं. राजघराण्यातल्या मुलीला तेवढी तरी मुभा कुठली?

मैत्रिणींनो, तुमच्या घरात एखादी मंगलाबाई कोपऱ्यात चित्रं काढत बसली असेल, तर तिला नुसतं बघायला लावू नका. शिकू द्या.