विश्लेषण : सोयाबीन तेलातून संप्रेरके तयार करणारे पर्सी ज्युलियन कोण होते?

सोयाबीन म्हटले की आपल्याला तेल आणि पेंड आठवते. पण गर्भधारणा टिकवण्यासाठी आवश्यक असलेले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरकही (हार्मोन) एकेकाळी सोयाबीन तेलातून मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. ते श्रेय अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांचे.

पार्श्वभूमी काय?
ज्युलियन यांचा जन्म १८९९ मध्ये अलाबामातील मॉन्टगोमेरी येथे झाला. त्यांचे आजोबा गुलामगिरीत राहिले होते. शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी सरकारी हायस्कूल नव्हते. त्यामुळे डीपॉ विद्यापीठात त्यांना शाळेचे राहिलेले विषय आणि पदवीचा अभ्यास एकाच वेळी करावा लागला. तरीही १९२० मध्ये ते पहिले आले. पीएच.डी. १९३१ मध्ये व्हिएन्नात मिळाली. १९३५ मध्ये त्यांनी जोसेफ पिकल यांच्यासह काचबिंदूवरील फायसोस्टिग्माइन प्रयोगशाळेत बनवले. एवढे करूनही वर्णामुळे डीपॉत प्राध्यापकपद मिळाले नाही. १९३६ मध्ये ते शिकागोतील ग्लिडन कंपनीत रुजू झाले.

शोध कसा लागला?
१९४० मध्ये सोयाबीन तेलाच्या टाकीत पाणी शिरले आणि पांढरा घट्ट साका जमला. तो स्टिग्मास्टेरॉल असल्याचे ज्युलियन यांनी ओळखले. त्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवता येते, हे जर्मनीत आधीच सिद्ध झाले होते. ते कारखान्याच्या प्रमाणात करून दाखवले ज्युलियन यांनी. त्याआधी हजारो डुकरिणींच्या बीजांडकोशांतून काही मिलिग्रॅम संप्रेरक हाती लागत असे. १९४९ मध्ये त्यांनी कॉर्टिसॉलपेक्षा केवळ एक ऑक्सिजन अणू कमी असलेला ‘सबस्टन्स एस’ तयार करण्याची पद्धत मांडली. संधिवातावरील औषधे स्वस्त होण्याच्या दिशेने ते मोठे पाऊल ठरले.

घरावर हल्ले का झाले?
१९५० मध्ये ज्युलियन कुटुंबाने शिकागोलगतच्या ओक पार्क या गौरवर्णीयांच्या वस्तीत घर घेतले. ते राहायला जाण्याआधीच घर पेटवण्याचा प्रयत्न झाला. १९५१ मध्ये डायनामाइट फेकले गेले. कुटुंबाने घर सोडले नाही. १९५३ मध्ये ज्युलियन यांनी स्वतःची कंपनी काढली. १९७३ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडले गेले. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढचा प्रश्न कोणता?
संप्रेरक मुबलक झाले, पण शरीरात टिकेना. तोंडावाटे घेतलेले प्रोजेस्टेरॉन यकृत लवकर मोडून टाकते, म्हणून पुन्हा पुन्हा डोस लागतो. यावर एक उपाय प्रथिनांच्या सूक्ष्म गोळ्यांचा. रक्तातील अल्ब्युमिन प्रथिनाच्या या गोळ्यांत संप्रेरक भरून ते टोचतात. शरीरातील विकरे (एन्झाइम) गोळी हळूहळू विरघळवतात, तसतसे औषध बाहेर येते. रिकामे कवच काढावे लागत नाही. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रोजेस्टेरॉन भरलेल्या अशा गोळ्या सशांना टोचण्यात आल्या होत्या. संप्रेरक दुर्मीळ आणि महाग असते, तर ते शरीरात कसे टिकवायचे, हा प्रश्नच दूर राहिला असता.