कुरुमानचा पाट

आजचा शास्त्रभाग : करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ३, वचने ५ ते ९



करिंथच्या मंडळीत गट पडले होते. कोणता सेवक मोठा यावरून वाद चालला होता. पौल त्यांना शेताचा दाखला देतो. लावणी एकाची, पाणी दुसऱ्याचं, आणि वाढ दोघांच्याही हातात नाही, असा त्याचा मुद्दा.

हा भाग वाचताना आपलं लक्ष लावणीकडे जातं, नाहीतर पिकाकडे. पाणी घालणं मधल्यामधे राहून जातं. लावणी एकदाच होते, तिचे फोटोही निघतात. पाणी मात्र रोज घालावं लागतं आणि त्याची बातमी होत नाही. आज ज्यांचं सगळं आयुष्य असं पाणी घालण्यात गेलं, त्या जोडप्याबद्दल लिहितोय : रॉबर्ट आणि मेरी मॉफेट. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे सासू-सासरे म्हणून संडेस्कूलमध्ये त्यांचं नाव कानावरून गेलं असेल. पण लिव्हिंगस्टन चालत राहिले आणि हे दोघं एका जागी राहिले. म्हणून त्यांची गोष्ट वेगळी आहे.

रॉबर्ट यांचा जन्म १७९५ चा, स्कॉटलंडमधल्या ऑर्मिस्टन गावचा. शाळा जेमतेम, धंदा माळीकामाचा. आईने शिवणं-विणणंही शिकवलं होतं. इंग्लंडमध्ये माळी म्हणून नोकरी करताना मिशनरी सभेची एक जाहिरात दिसली आणि मन तिकडे वळलं. लंडन मिशनरी सोसायटीने १८१६ मध्ये त्यांना दक्षिण आफ्रिकेला पाठवलं तेव्हा ते अजून २१ वर्षांचेही नव्हते. जाण्याआधी काही महिने डकिनफिल्डच्या एका नर्सरीत काम केलं. मालकाची मुलगी मेरी स्मिथ. दोघांचं लग्नाचं ठरलं, पण मेरीच्या आईवडिलांनी नकार दिला. रॉबर्ट एकटेच निघाले. दोनहून जास्त वर्षांनी घरच्यांचं मन वळलं. मेरी जहाजाने केप टाऊनला आल्या आणि २७ डिसेंबर १८१९ रोजी तिथे लग्न झालं.

मग बैलगाडीचा प्रवास. दिवस नव्हे, आठवडेच्या आठवडे. कालाहारी वाळवंटाच्या कडेला त्स्वाना लोकांपैकी बत्लापिंग समाज राहत होता. १८२१ पासून मॉफेट त्यांच्यात राहू लागले आणि १८२४ मध्ये मिशनचं ठाणं कुरुमानच्या खोऱ्यात नव्या जागी हलवलं. त्या कोरड्या मुलखात कुरुमानचा झरा बारमाही वाहतो, आजही वाहतो. रॉबर्ट माळी होते, पाणी बघून त्यांना जागा पटली.

आता रोजचा दिवस कसा असायचा ते बघू. भाषा येत नव्हती. उपदेश दुभाष्यामार्फत चालायचा आणि दुभाष्या काय सांगतोय हे कळायला मार्ग नव्हता. उपासनेला लोक आलेच तर कुणी घोरायचं, कुणी हसायचं, कुणी हातातलं काम करत बसायचं. अवजारं चोरीला जायची. चुलीवर मांस शिजत ठेवून उपासनेला जावं, तर परत आल्यावर मडक्यात मांसाच्या जागी दगड. एकदा मेरींच्या स्वयंपाकघरात एक बाई ठाण मांडून बसली. मला उपासनेला जायचंय, तू आता ऊठ, असं सांगितल्यावर तिने लाकूडच उगारलं. मेरी तिच्या हवाली घर सोडून निघून गेल्या. दुसरं काय करणार?

त्यांच्या घरातली एक गोष्ट आपल्याला अगदी ओळखीची वाटेल. मातीची जमीन तिथेही शेणाने सारवायची पद्धत होती. मँचेस्टरकडच्या घरात वाढलेल्या मेरींना सुरुवातीला किळस आली. मी हे करणार नाही असं त्यांनी ठरवलंही होतं. पण धुरळा बसतो, पिसवा मरतात हे बघितल्यावर त्यांना सारवणाचा शनिवार कधी येतो असं व्हायला लागलं. हे त्यांनी स्वतःच घरी पत्रातून कळवलं होतं. आपल्या आज्या हे न शिकवता जाणून होत्या. मेरींना मात्र ते त्स्वाना बायकांकडून शिकावं लागलं. शिकवायला आलेलं माणूस आधी शिकलं, ही त्यांच्या सेवेची सुरुवात मला फार महत्त्वाची वाटते.

आणि मग तो पाट. नव्या जागी येण्याआधीच्या ठाण्यावरची ही गोष्ट. रॉबर्ट आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी रॉबर्ट हॅमिल्टन यांनी बागेसाठी नदीवरून काही मैलांचा पाट खणला. गावातल्या बायकांनी बघितलं की पाणी दिल्यावर पीक येतं, तेव्हा त्या वरच्या बाजूला पाट फोडून पाणी आपल्या वाफ्यांत घ्यायला लागल्या. त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यात नवल नाही. नदी त्यांची, पाहुणे परके. पण खालच्या बागेत थेंब येईना. मग दोघांनी पाळ्या लावल्या. भर उन्हात फावडं खांद्यावर टाकून तीन मैल वर जायचं, फोडलेली जागा बुजवायची, आणि परत येऊन पाणी असेपर्यंत बाग भिजवायची. कधी तासभरही पाणी टिकायचं नाही. रात्री गाव झोपल्यावर दारं धरायची. महिनोन्‌महिने हेच. शेतकरी कुटुंबातून आलेल्यांना रात्रीची पाण्याची पाळी म्हणजे काय हे सांगायला नको.

त्यात दुष्काळ पडला. पाऊस पाडणाऱ्या मांत्रिकाला बोलावलं, त्यालाही जमलं नाही, आणि दोष मिशनऱ्यांवर आला. एक सरदार माणसं घेऊन दाराशी आला, हातात भाला. निघून जा, असा निरोप. रॉबर्ट यांनी छातीवरचे कपडे बाजूला केले आणि जाणार नाही असं सांगितलं. मेरी तान्ही मुलगी कडेवर घेऊन मागे दारात उभ्या होत्या. सरदार मान हलवत परत गेला. आपण ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फावडं उचलून पाटावर जायचं होतं, ते मला जास्त कठीण वाटतं.

वर्षं गेली. बाप्तिस्मा घेतलेलं त्स्वाना माणूस एकही नाही. आपल्याकडे दर तिमाहीला रिझल्ट दाखवावा लागतो, दोन तिमाही काही दिसलं नाही तर प्रोजेक्ट बंद होतो. इथे आठ वर्षांचा कॉलम रिकामा.

याच काळात शेफिल्डच्या एका मैत्रिणीने मेरींना पत्रातून विचारलं की तुला काय पाठवू? घरात काय नव्हतं असं विचारण्यापेक्षा काय होतं असंच विचारावं लागलं असतं. मेरींनी प्रभुभोजनाची भांडी मागितली. तेव्हा त्या ठिकाणी प्रभुभोजनाला बसेल असा एकही त्स्वाना विश्वासणारा नव्हता. त्यांनी लिहिलं की आज लागत नाहीत, पण लागतील.

मग १८२७ मध्ये रॉबर्ट काही आठवडे घर सोडून नुसत्या त्स्वाना लोकांत राहिले, त्यांच्याबरोबर खाल्लं, ऐकलं आणि भाषा पक्की केली. आता दुभाष्याची गरज उरली नाही. १८२९ मध्ये बदल दिसायला लागला. उपासनेत जे लोक घोरायचे ते रडायला लागले. गाण्यांचे आवाज झोपड्यांतून यायला लागले. त्या वर्षी पहिल्या सहा जणांचा बाप्तिस्मा झाला. पहिल्या प्रभुभोजनाचा दिवस ठरला, आणि अगदी त्याच्या तोंडावर इंग्लंडहून एक पेटी येऊन पोहोचली. जहाज आणि बैलगाडी करत कित्येक महिने ती वाटेत होती. आत मेरींनी मागवलेली भांडी.

इथे गोष्ट संपवली तर छान वाटेल, पण त्या दोघांची पुढे अजून ४१ वर्षं कुरुमानला गेली.

लोकांना कपडे हवे झाले, तेव्हा मेरींनी शिवणशाळा सुरू केली. कुदळ धरून राठ झालेल्या हातांना सुई धरायला शिकवायचं काम होतं. चरबीपासून मेणबत्त्या करायला लोक शिकले. रॉबर्ट लोहार झाले, सुतार झाले, आणि १८३० मध्ये केप टाऊनला जाऊन छपाईही शिकले. सेत्स्वाना भाषेत लूकचं शुभवर्तमान छापून घेतलं आणि येताना छापखानाच बैलगाडीत घालून आणला. दगडी मंडळी १८३८ मध्ये पूर्ण झाली, ती अजून उभी आहे. नवा करार १८४० मध्ये लंडनला छापला. पूर्ण शास्त्र व्हायला १८५७ उजाडलं. भाषा लिहिण्याची पद्धत बसवण्यापासून सगळं करायचं होतं. रोज थोडं थोडं, इतर सगळी कामं उरकून.

एक गोष्ट झाकून ठेवायला नको. त्स्वाना लोकांना धर्माची काही कल्पनाच नाही, असं रॉबर्ट यांनी लिहून ठेवलं. ते खरं नव्हतं. भाषांतरात भुतांसाठी त्यांनी बदिमो हा शब्द घातला. त्स्वाना लोकांसाठी बदिमो म्हणजे त्यांचे आदरणीय पूर्वज. एका शब्दाने कुणाचे तरी आजी-आजोबा भुतांच्या रांगेत जाऊन बसले. बोट्स्वानाच्या मुसा दुबे या ख्रिस्ती अभ्यासक बाईंनी हे नेमकं दाखवून दिलंय. पाटाच्या पाण्याबरोबर गाळही येतो. पाणी घालणाऱ्याने हे विसरू नये, आणि आपणही सेवकांचे पुतळे करू नयेत. करिंथकरांना पौल तेच तर सांगत होता.

किंमतही मोठी होती. दहा मुलं झाली, तीन लहानपणीच गेली. शिक्षणासाठी मुलांना दूर धाडावं लागायचं. १८६२ मध्ये लिव्हिंगस्टन यांच्याशी लग्न झालेली थोरली मेरी झांबेझीकाठी तापाने वारली, आणि त्याच वर्षी मुलगा रॉबर्टही गेला. आईवडील तेव्हा सत्तरीकडे झुकलेले. शोक झाला, आणि शिकवणीचे वर्गही चालू राहिले.

शेवटी शरीर थकलं. २० मार्च १८७० रोजी रॉबर्ट यांनी कुरुमानला शेवटचा उपदेश केला. दोघंही ७४ वर्षांचे होते. गाडी निघाली तेव्हा लोक रडत बरोबर चालले. मेरींना जन्मदेश पुन्हा दिसला, पण सहा महिनेच. जानेवारी १८७१ मध्ये त्या गेल्या. रॉबर्ट यांना सगळ्यात आधी जाणवलं ते हे की पन्नासहून जास्त वर्षं आपल्यासाठी रोज प्रार्थना करणारं माणूस आता नाही. ते स्वतः १८८३ पर्यंत जगले.

तुमच्यापैकी कुणी संडेस्कूल घेत असेल आणि वर्गात तीनच मुलं येत असतील. कुणी आजारी वडिलांचं करत असेल. कुणी वर्षानुवर्षं एकाच मित्रासाठी प्रार्थना करत असेल. वाढ तुमच्या हातात नाही म्हणून तिचा हिशोबही तुमच्याकडे नाही. आजची पाण्याची पाळी तेवढी तुमची आहे.

आजचा प्रश्न : मेरींनी भांडी आधीच मागवली. जे अजून दिसत नाही त्यासाठी आज तुम्ही काय तयार करून ठेवाल? एकच गोष्ट लिहून काढा.

प्रार्थना : हे प्रभू, आज कुणी बघत नसलं तरी फावडं उचलायचं बळ दे. आमच्या पाण्यातला गाळ आम्हाला दाखव. ज्यांना शिकवायला जातो त्यांच्याकडून आधी शिकायची नम्रता दे. आणि वाढ तुझी आहे हे लक्षात ठेवून रात्री आम्हाला शांत झोप लागू दे. आमेन.