ब्रूस ली : नोकराच्या वेषातला नायक

२० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये ब्रूस ली वारला, तेव्हा त्याचे वय अवघे ३२ वर्षांचे होते. महिनाभराने 'एन्टर द ड्रॅगन' अमेरिकेत झळकला आणि हा माणूस जगभर पोहोचला. आपल्याकडेही सलूनच्या भिंतीवर, तालमीच्या दारावर, कराटे शिकणाऱ्या पोरांच्या वहीवर उघड्या छातीचा ब्रूस ली वर्षानुवर्षे चिकटलेला होता. परंतु या चित्राच्या मागे सात वर्षे गेल्यास एक वेगळाच ब्रूस ली दिसतो. डोक्यावर ड्रायव्हरची टोपी, डोळ्यांवर काळा मुखवटा, हातात मालकाच्या गाडीचे स्टीअरिंग. हा अमेरिकन दूरचित्रवाणीवरचा केटो. वंशवाद केवळ शिवी देऊन किंवा दार बंद करून चालत नाही. कधी कधी तो दार उघडतो, आत घेतो आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसवतो. आंबेडकरी चळवळीच्या वाचकांनी ब्रूस लीचे आयुष्य वाचायचे ते यासाठी.

त्याचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० चा, सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी वस्तीतल्या रुग्णालयातला. वडील ली होई-च्युएन हे कँटोनीज संगीतनाटकातले नट. नाटकमंडळीबरोबर ते अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. आई ग्रेस हो ही अंशतः युरोपीय वंशाची. त्या काळी अमेरिकेत १८८२ चा चिनी बहिष्कार कायदा लागू होता. चिनी मजुराला देशात येण्यास बंदी आणि चिनी माणसाला नागरिकत्वही नाही. हा कायदा १९४३ पर्यंत टिकला. मग लीच्या बाळाला नागरिकत्व मिळाले कसे? सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मलेल्या वाँग किम आर्क नावाच्या चिनी तरुणाने सरकारला कोर्टात खेचले होते. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो अमेरिकेचा नागरिक, मग आईबापांचा वंश कोणताही असो, असा निर्णय त्याने १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून मिळवला. ब्रूस लीचा पासपोर्ट उभा होता तो या निर्णयावर. तरीही १९४१ मध्ये हाँगकाँगला परतताना तान्ह्या मुलासाठी आईला वेगळा अर्ज भरावा लागला. चिनी वंशाच्या, नागरिक असल्याचे सांगणाऱ्या व्यक्तींसाठीचा तो खास छापील नमुना होता. गोऱ्या बाळाच्या आईला असला नमुना कोणी भरायला लावत नव्हते. कायदा नागरिक म्हणतो आणि टेबलामागचा कारकून पुरावा मागतो, हा अनुभव आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

हाँगकाँगात तो बालनट झाला. रस्त्यावरच्या मारामाऱ्या केल्या, इप मॅन या गुरूकडे विंग चुन शिकला. १९५९ मध्ये, अठराव्या वर्षी, तो खिशात सुमारे शंभर डॉलर घेऊन अमेरिकेत परतला. सिएटलमध्ये रुबी चाऊ या चिनी बाईंच्या हॉटेलात वेटरचे काम आणि तिथल्याच लहानशा खोलीत मुक्काम. पुढे तो वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि कुंग फू शिकवू लागला. अमेरिकेतला त्याचा पहिला शिष्य कृष्णवर्णीय होता. जेसी ग्लोव्हर त्याचे नाव. लहानपणी एका गोऱ्या पोलिसाने मारून त्याचा जबडा मोडला होता आणि म्हणून त्याला लढायला शिकायचे होते. लीच्या पहिल्या तुकडीत काळे, गोरे, जपानी वंशाचे, सगळे एकत्र होते. १९६४ मध्ये वाँग जॅक मॅन या दुसऱ्या चिनी गुरूशी त्याची गाजलेली लढत झाली. परक्यांना विद्या शिकवू नये यावरूनच ती झाली, असे लीच्या पत्नीने लिहिले आहे. वाँगच्या बाजूच्यांनी हे नाकारले. दोन्ही बाजूंचे साक्षीदार परस्परविरोधी आहेत, तेव्हा निकाल देण्याचे कारण नाही. पण लीने आपली विद्या कोणाच्याही जन्माकडे पाहून राखून ठेवली नाही, हे त्याच्या वर्गाच्या हजेरीवरूनच सिद्ध होते.

त्याच वर्षी त्याने लिंडा एमरी या गोऱ्या विद्यार्थिनीशी लग्न केले. तिच्या घरातून विरोध झाला. वॉशिंग्टन राज्यात अशा लग्नाला बंदी नव्हती म्हणून ते कायदेशीर ठरले. व्हर्जिनियात हेच लग्न गुन्हा ठरले असते. आंतरवंशीय विवाहावर बंदी घालणारे कायदे जून १९६७ मध्ये लव्हिंग खटल्याच्या निकालाने संपले, तोपर्यंत सोळा राज्यांत ते जिवंत होते. म्हणजे केटो दर आठवड्याला घराघरांत दिसत होता, त्या संपूर्ण काळात.

आता या केटोकडे नीट पाहू. 'द ग्रीन हॉर्नेट' ही मूळची १९३६ सालची डेट्रॉइटची रेडिओ मालिका. ब्रिट रीड हा श्रीमंत गोरा वृत्तपत्रमालक. रात्री मुखवटा घालून तो गुन्हेगारांचा समाचार घेतो. केटो त्याचा घरगडी आणि ड्रायव्हर. हा केटो सुरुवातीला जपानी होता. पुढे रेडिओवर तो फिलिपिनो झाला. १९४० च्या चित्रपटमालिकेत त्याला कोरियन ठरवले आणि काम केले कीए ल्यूक या चिनी नटाने. १९६६ मध्ये ती जागा ब्रूस लीला मिळाली. जपानी, फिलिपिनो, कोरियन, चिनी! तीस वर्षांत नोकराचा देश इतक्यांदा बदलला, मालकाचे नाव, गाव आणि वृत्तपत्र मात्र जसेच्या तसे. लिहिणाऱ्यांच्या लेखी आशिया नावाचा एकच माणूस होता आणि तो नोकर होता.

लीला ही भूमिका मिळाली तीही वळसा घेऊन. १९६४ मध्ये लाँग बीच येथील कराटे स्पर्धेत त्याने प्रात्यक्षिक दिले. ते पाहणाऱ्या जे सेब्रिंग या केशरचनाकाराने निर्माता विल्यम डोझियर याच्या कानावर त्याचे नाव घातले. डोझियरच्या मनात आधी चार्ली चॅन या चिनी गुप्तहेराच्या मुलावरची मालिका होती. चार्ली चॅन म्हणजे कोण? तर पडद्यावर वॉर्नर ओलँड, सिडनी टोलर अशा गोऱ्या नटांनी डोळे तिरपे करून रंगवलेला चिनी माणूस. मुलाची मालिका निघालीच नाही. डोझियरची 'बॅटमॅन' जानेवारी १९६६ पासून जोरात चालू होती. त्या लाटेवर ९ सप्टेंबर १९६६ रोजी एबीसी वाहिनीवर 'द ग्रीन हॉर्नेट' सुरू झाली.

नायक व्हॅन विल्यम्स. मॅथ्यू पॉली याने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रानुसार विल्यम्सला आठवड्याला २,००० डॉलर मिळत, लीला ४००. कायम नटसंचात सर्वांत कमी पगार त्याचाच. प्रेक्षक ज्याच्या लाथा पाहायला बसत होते तो हा माणूस! त्याचे हात इतके वेगाने चालत की कॅमेऱ्यात नुसती रेघ दिसे, म्हणून त्याला वेग कमी करायला सांगावे लागले. वेग असा आणि संवाद मात्र मोजकेच. मालकाला हो म्हणायचे, गाडी काढायची, दार उघडायचे, मारामारी करायची आणि पुन्हा गाडीत बसायचे. त्याला चेहरा दिला, तोंड दिले नाही.

लीने हे निमूटपणे सोसले नाही. डोक्यावर शेंडी, मोडकी इंग्रजी आणि माकडासारख्या उड्या असला चिनी माणूस आपण करणार नाही, हे त्याने आधीच बजावले होते. मालिका चालू असताना त्याने डोझियरला पत्र लिहून केटोसाठी जास्त संवाद मागितले. त्याचा युक्तिवाद मला वकील म्हणून फार आवडतो. घरात केटो नोकर असेल, ते मान्य. पण मुखवटा घातल्यानंतर तो गुन्हेगारांशी लढणारा बरोबरीचा भागीदार आहे, मुका अनुयायी नाही. कथेची चौकट न नाकारता त्याने तिच्या आतून हक्क मागितला होता. फळ थोडेच मिळाले. एका भागात केटोला मोठे काम मिळाले, पण कथा कुठली? चिनी वस्तीतली, आणि चिनी गुंडाच्या भूमिकेत माको हा जपानी नट! आपल्या वस्तीचा प्रश्न असेल तरच आपल्या माणसाला बोलू द्यायचे, ही रीत आपल्याकडच्या सभा-संमेलनांतही पाहायला मिळते.

मार्च १९६७ मध्ये हॉर्नेट आणि केटो 'बॅटमॅन'च्या दोन भागांत पाहुणे म्हणून आले. पटकथेत रॉबिनने केटोला हरवायचे होते. लीने साफ नकार दिला. सेटवर तणाव झाला आणि शेवटी लढत बरोबरीत सोडवण्यात आली. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट वाटेल. पण चारशे डॉलरच्या नोकरीवर असलेल्या, घरी दोन वर्षांचे पोर असलेल्या नटाने वाहिनीच्या लाडक्या पात्राकडून खोटे हरायला नकार देणे ही साधी गोष्ट नव्हे. त्याच महिन्यात २६ भागांनंतर मालिका बंद पडली.

पुढची चार वर्षे ओढाताणीची. केटोच्या वेषात जत्रा आणि स्पर्धांमधून हजेरी, स्टीव्ह मॅक्वीन, जेम्स कोबर्न अशा बड्या नटांना खासगी शिकवणी, अधूनमधून लहान भूमिका. १९७१ मध्ये 'लाँगस्ट्रीट' मालिकेत मात्र त्याला गुरूची, बोलणारी, विचार मांडणारी भूमिका मिळाली. ती लिहिणारा स्टर्लिंग सिलिफंट हा त्याचाच शिष्य होता.

त्याच सुमारास त्याने स्वतःची एक मालिका कागदावर मांडली. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत आलेला चिनी लढवय्या तिचा नायक. वॉर्नर ब्रदर्सकडे तेव्हा 'कुंग फू' नावाची मालिका शिजत होती. तीतही चिनी भिक्षू अमेरिकेच्या पश्चिमेत भटकतो. या भूमिकेसाठी लीचा विचार झाला आणि त्याला डावलण्यात आले. त्याचे उच्चार प्रेक्षकांना कळणार नाहीत असे कारण सांगण्यात आले. भूमिका गेली डेव्हिड कॅराडाइन या गोऱ्या नटाकडे, ज्याला कुंग फूचा गंध नव्हता. लीची कल्पना चोरली, असा आरोप पुढे त्याच्या पत्नीने केला. इथे न्यायाने बोलले पाहिजे. 'कुंग फू'ची मूळ कथा एड स्पीलमनने लीच्या आराखड्याआधीच लिहिलेली होती, तेव्हा चोरीचा आरोप टिकणे कठीण आहे. पण भेदभाव सिद्ध करायला चोरी सिद्ध करावी लागत नाही. चिनी नायकाची मालिका, जगातला सर्वांत लायक चिनी नट दाराशी उभा, आणि निवड गोऱ्याची, एवढे पुरे आहे. डिसेंबर १९७१ मध्ये हाँगकाँगमध्ये झालेल्या एका मुलाखतीत खुद्द लीने निर्मात्यांना हा धंद्यातला धोका वाटतो असे शांतपणे सांगितले. त्यात मला संतापापेक्षा जुनी ओळख दिसते. 'कुंग फू' १९७२ मध्ये एबीसीवरच आली. तीत आंधळ्या गुरूच्या भूमिकेत होता कीए ल्यूक, १९४० चा केटो! एका चिनी नटाची वाट मालकाच्या गाडीतून गोऱ्या शिष्याच्या गुरूपदापर्यंत पोहोचली. 

ली तोवर हाँगकाँगला गेला होता. तिथे 'द ग्रीन हॉर्नेट' लोकांनी आपल्या पद्धतीने पाहिली होती. ते तिला केटोची मालिका म्हणत! गोल्डन हार्वेस्टने दोन चित्रपटांचे मिळून १५,००० डॉलर देऊ केले. 'द बिग बॉस'ने १९७१ मध्ये तिथले विक्रम मोडले. पुढच्या वर्षीच्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'त शांघायच्या बागेच्या दारावर पाटी आहे : कुत्र्यांना आणि चिन्यांना मज्जाव. नायक ती लाथेने फोडतो आणि थिएटरात आरोळ्या उठतात. प्रत्यक्षातल्या बागेच्या नियमात कुत्रे आणि चिनी ही वेगवेगळी कलमे होती, एका ओळीत नव्हती. पण बंदी खरी होती. १८६८ मध्ये उघडलेली ती बाग चिन्यांना खुली झाली १९२८ मध्ये, आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या दुसऱ्या वर्षी. हेही सांगितले पाहिजे की याच चित्रपटातले जपानी लोक केटोइतकेच सपाट आहेत, नुसते खलनायक. ली हा काही चळवळीचा नेता नव्हता. त्याला तसे बनवण्याची घाई करू नये.

त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराहून थोड्या अधिक काळाने, सप्टेंबर १९७४ मध्ये, एबीसीने लहान मुलांसाठी कुंग फू करणाऱ्या सुपरहिरोचे कार्टून आणले. नाव 'हाँगकाँग फुई'. तो सुपरहिरो कुत्रा होता. त्याच वर्षी मार्व्हलच्या कॉमिकमध्ये 'आयर्न फिस्ट' अवतरला, पौर्वात्य विद्येत सर्वांना मागे टाकणारा गोरा श्रीमंत पोरगा. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने त्याची मालिका काढली तेव्हाही नायक गोराच ठेवला, आणि त्यावर टीका झाली. दुसरीकडे, नोकर केटो जाऊन आशियाई माणूस म्हणजे लाथा मारणारा, हा नवा साचा तयार झाला. तो लीच्या यशातूनच घडला, हे नाकारता येत नाही. २०१९ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन हॉलीवूड' चित्रपटात तर 'ग्रीन हॉर्नेट'च्या सेटवरचा ली बढाईखोर दाखवला आणि एका गोऱ्या स्टंटमनकडून त्याला गाडीवर आपटवला. त्याची मुलगी शॅनन हिने जाहीर आक्षेप घेतला. रॉबिनपुढे न हरलेल्या माणसाला ५२ वर्षांनी त्याच सेटवर आपटण्याची हौस कोणाला का असावी?

त्याच वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, लीच्या जुन्या कागदांवर आधारलेली 'वॉरियर' ही मालिका सिनेमॅक्सवर आली. शॅनन तिची एक निर्माती. २०२३ पर्यंत तिचे तीन हंगाम झाले. कथा १८७० च्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोतली, चिनी बहिष्कार कायद्याच्या तोंडावरची. तीत गोऱ्यांच्या समोर चिनी माणसे कँटोनीज बोलतात. गोरा बाहेर गेला, आपलीच माणसे उरली, की कॅमेरा त्यांच्याभोवती फिरतो आणि तीच माणसे अस्खलित, खणखणीत इंग्रजीत बोलू लागतात.