विचारायला कुणीतरी हवं

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत नववीतला एक मुलगा होता. बोलणं हळू, रांगोळीची भारी आवड. पोरं त्याला बायल्या म्हणून चिडवायची, सायकलची हवा सोडायची. एकदा तर त्याला शाळेच्या संडासात कोंडलं. बचत गटाच्या बैठकीत बायकांच्या छळावर तावातावाने बोलणारी मी! पण त्याच्या आईला मी एवढंच सांगितलं, की पोराला जरा पुरुषासारखं वागायला शिकवा. पुढे त्याने शाळाच सोडली. ते मला आजही खुपतं.

म्हणूनच आज र. धों. कर्वे यांच्याविषयी लिहावंसं वाटलं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२. हाडाचे गणिताचे प्राध्यापक. वरचेवरच्या बाळंतपणांनी बायका खंगतात हे त्यांनी पाहिलं आणि १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्या काळी हा विषय उच्चारणंसुद्धा पाप! लोक हसले, तोंडावर नावं ठेवली. प्रचार सोडा नाहीतर नोकरी, असा पेच आला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. दोघांनी स्वतःला मूल न होऊ देण्याचा निर्णयही विचारपूर्वक घेतला होता.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. घरात ज्या गोष्टी विचारता येत नाहीत, त्या लोक पत्रातून विचारायचे आणि कर्वे शास्त्राच्या आधाराने सरळ उत्तरं द्यायचे. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं ठाऊक आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी! लैंगिक विषयाच्याच मासिकाला वाचकांनी प्रश्न विचारले, तर त्याने उत्तर द्यायचं नाही का, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण मासिक थांबलं नाही. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले, तोवर ते चालूच होतं.

आता काळ बदललाय. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. त्याच वर्षी आपल्या माजलगाव तालुक्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांनी मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुरुष म्हणून ते नोकरीत राहिले. तरी शाळेच्या मागच्या भिंतीपाशी आजही कुणाला तरी गाठलं जातंच ना?

असं लेकरू तुमच्याजवळ आलं, तर आधी ऐकून घ्या. तू तसा आहेस का, असं खोदून विचारू नका. त्याचं गुपित चार घरी नेऊ नका, त्याच्या घरीही त्याला विचारल्याशिवाय सांगू नका. अंगावर येणाऱ्या टोळक्याशी एकट्याने भिडू नकोस, जाता-येता सोबत ठेव, एवढं त्याला समजावा. कधी, कुठे, कुणी त्रास दिला ते तारखेनिशी वहीत लिहायला सांगा. मोबाईलवरचे घाणेरडे मेसेज पुसू नयेत, पुरावा असतो तो. भरवशाच्या बाईंना किंवा सरांना भेटायला त्याच्यासोबत जा. मारहाण किंवा धमकी असेल तर ११२, अठरा वर्षांच्या आतल्यांसाठी १०९८, आणि मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा सरकारी नंबर आहे.

कर्व्यांना पत्र लिहिणाऱ्यांना निदान विचारायला एक पत्ता होता. आमच्या गल्लीतल्या त्या पोराला तोही नव्हता. मी चार घरं सोडून राहत होते, पण त्याच्या उपयोगी पडले नाही. आता आमच्या गटाच्या बैठकीत मी हा विषय मुद्दाम काढते. सुरुवातीला बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मागच्या खेपेला मात्र एक जण बैठक संपल्यावर मागे थांबली. तिला भाच्याविषयी काही विचारायचं होतं.