सर रतन टाटा यांचा संग्रह

भेस्तानहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसले, म्हणजे सचिन, मरोली ओलांडून थोड्याच वेळात नवसारी लागते. टाटा घराण्याचे मूळ या नवसारीत. जमशेटजी टाटांचे नाव शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. त्यांचे धाकटे चिरंजीव रतनजी मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत. २०२४ साली निवर्तलेले रतन टाटा ते हे नव्हेत. त्यांचे वडील नवल टाटा सुरतेस जन्मलेले. त्यांना या रतनजींच्या पत्नी नवाजबाई यांनी दत्तक घेतले होते.

रतनजींचा जन्म २० जानेवारी १८७१ रोजी मुंबईस झाला. सेंट झेवियर्स कॉलेजात शिकून ते पेढीच्या कामात शिरले. पेढीचा व्यापार चीन-जपानपर्यंत पोहोचला होता. १८९३ साली जमशेटजी स्वतः जपानला जाऊन आले होते. पित्याची दृष्टी तेथील जहाजांवर होती, पुत्राची तेथील कारागिरांच्या हातांवर खिळली. हस्तिदंती कोरीवकाम, लाखेच्या पेट्या आणि चिनी मातीची भांडी त्यांनी आवडीने जमविली.

नाव चिनी मातीचे असले, तरी जपानच्या अरिता गावी सतराव्या शतकाच्या आरंभापासून अशी भांडी होऊ लागली. ती इमारी बंदरातून बाहेर जात आणि पुढे डच व्यापारी आपल्या जहाजांतून ती दूरदूर नेत. या डचांची वखार आपल्या सुरतेसही होती. या भांड्यांत जुनी चहादाणी अखंड मिळणे मोठे कठीण. तिची तोटी टवकते, कान निखळतो, झाकण तर कधीच हरवलेले असते. म्हणून जाणता संग्राहक प्रथम झाकण मूळचेच आहे की काय ते पाहतो. बुडाच्या अक्षरांवर त्याने विसंबून चालत नाही, कारण जपानी कुंभार पुष्कळदा चिनी बादशहांच्या मुद्रा हुबेहूब उतरवीत. अशा वस्तूंची पारख करावयास पैशापेक्षा धीर अधिक लागतो.

१९०६ साली रतनजींनी लंडनजवळ ट्विकनहॅम येथील यॉर्क हाऊस हा वाडा विकत घेतला. श्रीमंतांचा हा षोक म्हणून कोणी नाक मुरडील; पण त्याच हातांनी आणखी काय केले तेही पाहावे. दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींच्या लढ्यास त्यांनी १९०९ पासून एकूण सव्वा लाख रुपये दिले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजास साहाय्य केले. पाटलिपुत्राच्या उत्खननाचा खर्च उचलला. १९१३ साली तेथे कुदळ पडली, आणि मौर्यकालीन स्तंभमंडपाचे अवशेष उजेडात आले. १९१२ साली लंडन विद्यापीठात दारिद्र्याच्या कारणांचा अभ्यास व्हावा म्हणूनही त्यांनी देणगी दिली. नाजूक किटल्या गोळा करणाऱ्या माणसाला दारिद्र्याचे कोडे छळीत होते, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व संग्रहाहून अधिक मोलाची वाटते.

प्रकृती त्यांना साथ देत नव्हती. ५ सप्टेंबर १९१८ रोजी इंग्लंडात सेंट आइव्ह्ज येथे, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी ते वारले. ब्रुकवुडच्या दफनभूमीत पित्याशेजारीच त्यांना विसावा मिळाला.

मुंबईचे वस्तुसंग्रहालय, ज्यास आता छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे, तेव्हा लोकांसाठी उघडलेच नव्हते. युद्धकाळात त्या इमारतीत रुग्णालय होते. १० जानेवारी १९२२ रोजी ते सुरू झाले. रतनजींचा संग्रह त्यांच्या पश्चात तेथेच आला, आणि १९३३ साली वडील बंधू दोराबजींचाही त्यात येऊन मिळाला.