वसतिगृहातील एक खोली

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनाचा विचार करू लागताच महाडचा संग्राम, संविधाननिर्मिती आणि नागपूरची धम्मदीक्षा आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. या साऱ्याच्या पायाशी असलेल्या त्यांच्या विद्यार्थिजीवनाचे स्मरण निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना साताऱ्याच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसावे लागे. पुढे मुंबईत परळच्या चाळीतील अपुऱ्या जागेत अभ्यास करून १९१२ साली ते एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील सुभेदार रामजी निवर्तले. त्याच वर्षी श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करावी, असा करार झाला. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

प्रथम ते विद्यापीठाच्या हार्टले हॉलमध्ये राहिले. तेथील भोजन मानवेना, म्हणून काही काळ कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये काढून ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात आले. नवल भथेना हे पारशी विद्यार्थी तेथे त्यांचे सोबती होते. सर्वांच्या पंक्तीला बसावे, हवे ते पुस्तक हाती घ्यावे, ही गोष्ट मायदेशात त्यांना दुर्लभ होती. मिळालेल्या मोकळेपणाचे त्यांनी ज्ञानात रूपांतर केले. अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र हे विषय त्यांनी अभ्यासले. सेलिग्मन आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. तुटपुंज्या शिष्यवृत्तीतून मुंबईस माता रमाईंच्या संसारालाही हातभार लावायचा होता. तरीही पोटाला चिमटा घेऊन ते जुनी पुस्तके खरेदी करीत. १९१५ साली ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस होते.

लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून करार पाळण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यास गेले. सातासमुद्रापलीकडे वसतिगृहात सन्मानाने राहिलेल्या या विद्वानास तेथे कोणी जागा देईना. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले. जात उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. मात्र १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाताना द्रव्यसाहाय्यासाठी पुढे आले ते नवल भथेनाच. वसतिगृहात जुळलेला स्नेह धर्म-जातीच्या भिंतींहून बळकट ठरला.

निवाऱ्यावाचून विद्या अडते, हे बाबासाहेबांनी भोगून जाणले होते. म्हणूनच १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन होताच, १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. पुढे मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या विद्यार्थ्यास सन्माननीय डॉक्टरेट देऊन गौरविले.

आमच्या विद्यार्थ्यांना आज निजायला जागा, दिव्याचा उजेड आणि एका पंक्तीचे जेवण मिळते. यांतील प्रत्येक गोष्टीसाठी कोणीतरी अपमान सोसला आहे, याची जाणीव ठेवून त्यांनी पुस्तक उघडावे, एवढीच आमची अपेक्षा. महामानवाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!